ब्रेकचा दर : पेट्रोल कमी जाळण्याच्या खटपटीच्या नोंदी

3 ऑगस्ट 2025, रविवार

गाडी 2018ची स्विफ्ट, 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. रोजचा रस्ता कर्वेनगर ते हिंजवडी, चांदणी चौकावरून बायपासने. महिन्याला नऊशे किलोमीटरच्या आसपास चालते. पुण्यात पेट्रोल लिटरला 104 रुपयांच्या घरात आहे, म्हणजे पेट्रोलचं बिल साडेसात हजारांकडे झुकलंय. नवरा म्हणाला, गाडी विकून टाक आणि कॅब कर. कॅबचा हिशेब काढून दाखवला, तेव्हा विषय मिटला. उरलेला विषय हा: याच गाडीत, याच रस्त्यावर, पैसे न खर्चता किती वाचतात?

कंपनीचा आकडा लिटरला 22 किलोमीटर. असे आकडे देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्या इथून दिसणाऱ्या वेताळ टेकडीवर आहे. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तालात पळवतात. साधारण वीस मिनिटं, सरासरी वेग ताशी 33च्या जवळपास, कमाल 90, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला आकडा उत्तम. पण त्या परीक्षेत पावसाळ्यात तुंबणारा वाकडचा भूमकर चौक येत नाही.

मोजायची पद्धत ठरवली. टाकी फुल ते टाकी फुल. पंप तोच, शक्यतो नोझलही तेच, आणि पहिल्यांदा ‘टक्’ झालं की बस्स. ‘मॅडम, राउंड फिगर करू का?’ ला ठाम नकार. डॅशबोर्डवरचा अॅव्हरेज लिहायचा, पण हिशेबात धरायचा तो पावतीवरच्या लिटरचा.

9 ऑगस्ट

आधी पंप तपासला, नाहीतर सगळा हिशेब वाळूवर. प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितलं की त्यात ओतून दाखवावंच लागतं. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. मागितल्यावर पोराने आधी माझ्याकडे, मग मॅनेजरकडे पाहिलं. माप आलं, पेट्रोल जवळजवळ रेघेवर थांबलं. शंका संपली.

ऑफिसातला एक ठाम सल्ला असा की पेट्रोल पहाटे भरावं, थंडीत ते आकसतं आणि जास्त मिळतं. पेट्रोल दहा अंशांना जेमतेम एक टक्का फुगतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये हलत नाही. पहाटे उठायचं तर त्याला दुसरं चांगलं कारण पाहिजे.

17 ऑगस्ट

नीट मोजलेली पहिली टाकी. लिटरला 12.6. डॅशबोर्ड म्हणतोय 13.4. डॅशबोर्ड खोटं बोलत नाही, जरा लाडात बोलतो.

टायरची हवा: दोन्ही मागच्या चाकांत चार-पाच पौंड कमी निघाली. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. पंपावरचा हवावाला मात्र गाडी कुठलीही असो, एकच आकडा लावून बसलेला असतो, त्याला स्टिकर दाखवावा लागला. टायर गार असताना भरायची, म्हणून सकाळी जवळच्या पंपावर. नायट्रोजनचे पैसे दिले नाहीत. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

गॅरेजवाले काका एअर फिल्टर बदलायला सांगत होते, ‘अॅव्हरेज वाढेल’ म्हणून. कार्बोरेटरच्या काळात वाढायचा. आता आत येणारी हवा मोजूनच कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून पाहिले. नव्या गाड्यांची ओढ कमी झाली, अॅव्हरेज फारसा हलला नाही. फिल्टर वेळेवर बदलायचाच, पण या वहीत त्याचं श्रेय लिहायचं नाही.

24 ऑगस्ट

ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, छोटं ब्लूटूथ यंत्र आणलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं, आकडे मोबाइलवर दिसतात. गाडी उभी, इंजिन चालू, एसी बंद: तासाला साधारण 0.7 लिटर. एसी लावला की एकच्या वर. म्हणजे नुसतं उभं राहणं मिनिटाला सव्वा रुपया आणि एसीत दोन रुपयांच्या आसपास.

सिग्नलला आकडे उलटे मोजत असतात, त्यामुळे ठरवणं सोपं आहे. तीसच्या वर दिसले तर किल्ली फिरवायची. नव्या इंजिनाला पुन्हा चालू व्हायला फार पेट्रोल लागत नाही, दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं. पण दर सिग्नलला स्टार्टर मारून बॅटरीचा जीव घ्यायचा नाही. आणि भूमकर चौकातल्या सरकत्या रांगेत, दर वीस सेकंदांनी चार फूट, हे जमतच नाही. तिथे पेट्रोल जळतं ते जळतंच.

2 सप्टेंबर

काल सर्वोच्च न्यायालयाने ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविरोधातली याचिका फेटाळली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या, अशी मागणी होती. ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर तेच. कुणाची गाडी ‘निम्मा अॅव्हरेज’ देतेय, कुणाला काहीच फरक नाही.

कागदावर मांडलं. लिटरभर शुद्ध पेट्रोलमध्ये 32 मेगाज्युलच्या आसपास ऊर्जा, इथेनॉलमध्ये 21. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे जवळजवळ सात टक्के ऊर्जा कमी. आधीच्या दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचा अंदाज होता. माझी गाडी त्याच जुन्या घडणीतली. तेव्हा 12.6 मधला थोडा वाटा याचा आहे, निम्मा मात्र नक्कीच नाही. साताऱ्याला दादाला फोन केला तर तो हसत सुटला. त्याचा ऊस कारखान्याला जातो. ‘तुझं जातं ते माझ्याकडे येतं, काळजी कशाला करतेस!’ येत असेलही. बिलं मात्र वेगवेगळ्या घरात येतात.

यावर मला काही करता येत नाही. पुढे.

13 सप्टेंबर, शनिवार

या सगळ्या खटपटीतला सर्वांत कामाचा हिशेब आज झाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्यासकट गाडी सुमारे हजार किलो. ताशी 60च्या वेगाला तिच्यात 139 किलोज्युल गतिज ऊर्जा असते, शाळेतलंच सूत्र. इंजिन शहरात पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. उलटा हिशेब केला तर 60चा वेग गाठायला साधारण 20 मिली पेट्रोल लागतं. म्हणजे दोन रुपये. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते दोन रुपये ब्रेकच्या चकतीवर उष्णता होऊन उडून जातात.

दर असे पडले. 40वरून थांबणं, एक रुपया. 60वरून, दोन. 100वरून, साडेपाच ते सहा. वेग दुप्पट झाला की दर चौपट.

हे कळल्यावर रस्ता वेगळा दिसायला लागला. चांदणी चौकाचा चढ संपला की बावधनकडे उतार लागतो. तिथे सगळे गाडी सोडतात, मीही सोडायचे, आणि पुढे पाषाणच्या आधी लाल दिव्यांची रांग दिसली की ब्रेक. रोज तिथेच रांग, रोज तिथेच ब्रेक. सुसखिंडीनंतर तेच, बाणेरला तेच, वाकडला उतरताना तर दोनदा. एका फेरीत निदान पंधरा-वीस रुपये मी स्वतःच्या पायाने जाळत होते आणि टायरच्या हवेवर डोकं लावून बसले होते.

परवापासून वेगळं करून पाहतेय. पुढच्या गाडीच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांकडे नजर. तिकडे कुठे लाल दिसलं की अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, गिअर तसाच. गाडी आपोआप मंदावत रांगेजवळ पोचते आणि बहुतेक वेळा तोपर्यंत रांग हललेली असते. पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतात. मोबाइलवर ऑक्सिजन सेन्सरचा (धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखणारा) व्होल्टेज बघत बसले होते (नवरा चालवत होता, मी शेजारी): एरवी तो 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये नाचत असतो, पाय उचलल्याच्या क्षणी खाली येऊन जवळजवळ शून्यावर पडून राहतो. धुराड्यात नुसती हवा. इंजिनाचे फेरे बाराशेच्या खाली येईपर्यंत तसंच, मग पुन्हा नाच सुरू.

अॅपमधला ‘लिटर प्रति तास’ हा आकडा मात्र इथे फसवतो. तो येणाऱ्या हवेवरून पेट्रोलचा अंदाज बांधतो, त्यामुळे पेट्रोल बंद असतानाही खर्च दाखवत राहतो. सेन्सर बघावा.

21 सप्टेंबर

दुसरी टाकी. 14.1. रस्ता तोच, वेळ तीच, एसी तसाच. एकच टाकी आहे, पाऊसही कमी होता, त्यामुळे लगेच नाचायचं कारण नाही. पण दीडचा फरक नोझलच्या ‘टक्’मधल्या चुकीपेक्षा बराच मोठा आहे.

वेळ? घरी पोचायला फरक पडला असेल तर मिनिटा-दोन मिनिटांचा. लोकांना मात्र फरक पडतो. पुढे दोन गाड्यांची जागा सोडली की तिसरी गाडी त्यात शिरते. शिरू दे. पुन्हा जागा सोडायची. मागून हॉर्न वाजतो तेव्हा जरा मन घट्ट करावं लागतं, कारण पुण्यात रिकामी जागा सोडणं हा हॉर्नवाल्याचा वैयक्तिक अपमान असतो.

सुटताना मात्र उगाच कासवगती नको. 2000-2200 फेऱ्यांवर गिअर वर टाकत, नेटाने वेग घ्यायचा आणि लवकर वरच्या गिअरला बसायचं. तिसऱ्या गिअरमध्ये 50ने रडत जाणाऱ्या गाडीपेक्षा चौथ्यात शांत चालणारी कमी पिते. चढाला इंजिन ढकलायला लागलं तर गिअर उतरवायचाच.

28 सप्टेंबर

शेजारच्या काकूंच्या मुलाने ‘पेट्रोल वाचवणारं’ प्लग आणून दिलं, ओबीडीच्या सॉकेटमध्ये लावायचं, 30 टक्के बचतीचा दावा. लावण्याआधी दोन स्क्रू काढले. आत दिवे, एक बटण, एक इवलीशी चिप. गाडीच्या कॉम्प्युटरचं बोलणं सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर चालतं, ते ऐकू शकेल असं आत काहीच नव्हतं. दिवे छान लुकलुकतात. परत केलं.

5 ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीत हिंजवडी नव्हती, फक्त घराभोवतीच्या फेऱ्या. भाजी, इस्त्री, मुलीचा क्लास. दीड-दोन किलोमीटर जायचं, अर्ध्या तासाने परत. दर फेरीला डॅशबोर्ड शून्य करून पाहिला: 7, 8, फार तर 9. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजतो, तेल घट्ट असतं, आणि इंजिन तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. ही किलोमीटर महिन्याच्या बेरजेत नगण्य वाटतात म्हणून कधी मोजलीच जात नाहीत.

यातल्या बऱ्याच फेऱ्या स्कूटीवर किंवा पायी ढकलल्या. उरलेल्या एका दमात. आधी लांबचं काम, मग गरम इंजिनावर जवळची.

डिकी उघडून पाहिली. मागच्या ट्रिपची चटई, पाण्याचे दोन कॅन, मुलीचं स्केटिंगचं सामान आणि एक वरवंटा. वरवंटा का, कुणालाच सांगता येईना. वजनाचा फरक म्हणाल तर 40-50 किलोमागे एखादा टक्का.

24 ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीजेला साताऱ्याला जाऊन आलो. महामार्गाचे आकडे पहिल्यांदाच नीट घेतले. खेड शिवापूर टोलनंतरचा मोकळा तुकडा, जाताना पाचव्या गिअरमध्ये 80ने आणि येताना 100ने. जाताना डॅशबोर्ड 22च्या आसपास, येताना 18.   वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, 80च्या तुलनेत 100ला तो दीडपटीहून जास्त. शंभर किलोमीटरला लिटरभर पेट्रोल जास्त, आणि त्या बदल्यात पंधरा मिनिटं. तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. मध्ये उसाच्या ट्रॉल्या, वळवलेली लेन आणि टोल आला की पंधराची सहा-सात होतात.

खंबाटकीत वाद झाला. बाबा आणि दादा दिवाळीच्या खरेदीला पुण्याला आले होते, त्यांना घेऊन निघाले होते. पुण्याहून जाताना बोगदा नव्हता, घाट चढून वेळ्याकडे उतरावं लागलं. माथ्यावर आलो तसा मागून दादा म्हणाला, ‘न्यूट्रल कर की, फुकट उतरेल.’ बाबा माझ्या शेजारी. आयुष्यभर एसटी चालवली त्यांनी. डेपोत प्रत्येक चालकाचा केपीटीएल, दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर, काढला जायचा आणि त्यावरून चहाच्या टपरीवर इज्जत ठरायची. ते मागे न बघताच म्हणाले, ‘घाटात गिअर काढायचा नाही. गाडी तुला नेईल, तू तिला नाही.’

‘बाबा, सुरक्षेचं ठीक आहे हो, मी पेट्रोलचं बोलतोय.’

मोबाइल दादाच्या हातात दिला. तिसरा गिअर, पाय वर, सेन्सर शून्याला चिकटलेला, वळणामागून वळण. खाली सपाटीला, रस्ता सरळ झाल्यावर क्षणभर क्लच दाबला: फेरे आठशेवर, सेन्सर पुन्हा नाचायला लागला. न्यूट्रलवर इंजिनाला स्वतः जिवंत राहायला पेट्रोल लागतं, गिअरमध्ये असताना चाकंच त्याला फिरवतात. दादाची समजूत कार्बोरेटरच्या मोटारसायकलवर पक्की झालेली, तिथे ती अगदीच चूक नव्हती. इंजिन बंद करून उतरवण्याचं तर नावही नको. दोन-तीनदा ब्रेक दाबले की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड.

‘मग आम्ही काय सांगत होतो?’ बाबा म्हणाले. पुढे सुरूरपर्यंत त्यांचं चालू होतं: ब्रेक हा गाडी चुकली तर वापरायचा, एरवी रस्ता आधी वाचायचा. मी सप्टेंबरात कागदावर मांडलं ते त्यांना डिझेलवर आणि पन्नास माणसं पाठीमागे बसवून पाठ होतं. एकदा त्यांना विचारायला हवं होतं म्हणा, पण मग ओबीडी यंत्राचे पैसे वसूल कसे झाले असते.

9 नोव्हेंबर

दिवाळीनंतर वेळ बदलली. पावणेनऊऐवजी सव्वासातला निघते. ऑफिसने हो म्हटलं, संध्याकाळी साडेचारला सुटते. वाकडला उतरताना रांग असते, पण हलती. भूमकर चौकात उभं राहणं काही मिनिटांवर आलंय. एसीही सकाळी लागत नाही.

टाकी: 15.8. नोव्हेंबरातली सकाळची थंडी धरूनसुद्धा, म्हणजे पहिले चार किलोमीटर इंजिन गारठलेलं असूनसुद्धा. आत्तापर्यंतची सर्वांत मोठी उडी हीच आणि यात चालवण्याचं कौशल्य शून्य. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लागतच नाही, दुसरं काय. मुलीला शाळेत सोडायचं काम नवऱ्याकडे गेलं, तो हिशेब वेगळा आणि त्याची वही तो ठेवत नाही हे बरं आहे.

23 नोव्हेंबर

वारज्याची एक सहकारी आता बरोबर असते, एक आठवडा तिची गाडी, एक माझी. पैशांची देवाणघेवाण नाही. तिची सीएनजी आहे, त्यामुळे तिच्या मते या व्यवहारात ती फसली. जादा माणसाच्या वजनाने अॅव्हरेज किंचित पडला, आणि बिल अर्ध्यावर आलं. लिटरला किती किलोमीटर याच आकड्यावर नजर ठेवली असती तर हा आठवडा तोट्यात दिसला असता. म्हणून आजपासून वहीत नवा रकाना: महिन्याचे एकूण रुपये.

30 नोव्हेंबर

नोव्हेंबरचं पेट्रोल साडेतीन हजारांच्या आत. ऑगस्टचं साडेसातकडे होतं. ढोबळ वाटणी करायची तर सहकारीबरोबरचं जाणं आणि बंद झालेल्या जवळच्या फेऱ्या, यांनी निम्म्याहून जास्त. त्याखालोखाल वेळ बदलणं, मग ब्रेक. टायरची हवा आणि रिकामी डिकी शेवटून पहिल्या. हवा तरीही दर पंधरा दिवसांनी, कारण कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, आणि टायर पेट्रोलहून महाग.

टायरवरून आठवलं. चारही घासत आलेत. 22 सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के झालाय, तेव्हा डिसेंबरात बदलून घेईन. इथे एक मेख आहे. झिजलेल्या टायरचा घेर नव्यापेक्षा लहान असतो. रबर सहा मिलिमीटर झिजलं की माझ्या 165/80च्या चाकात जवळजवळ दोन टक्के. चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे लागतात आणि ओडोमीटर फेरे मोजतो, त्यामुळे आत्ताची किलोमीटर थोडी फुगलेली आहेत. नवे टायर आले की मीटर कमी पळेल, शिवाय नव्या जाड नक्षीचं रबर सुरुवातीला जास्त ओढून धरतं. अॅव्हरेज पडलेला दिसेल. डिसेंबरच्या पहिल्या दोन टाक्या त्यामुळे वेगळ्या पानावर, आणि मीटर किती पळतोय ते बायपासवरच्या किलोमीटरच्या दगडांशी आधी ताडून.